एडगर एफ. कॉड

एडगर फ्रँक ऊर्फ टेड कॉड (१९ ऑगस्ट, इ.स. १९२३ – १८ एप्रिल, इ.स. २००३) हे इंग्लंडमध्ये जन्मलेले व प्रामुख्याने अमेरिकेत कार्य केलेले संगणकशास्त्रज्ञ होते. विदागारांच्या, म्हणजे डेटाबेसच्या, रचनेविषयी त्यांनी इ.स. १९७० मध्ये संबंधात्मक प्रतिमान अर्थात रिलेशनल मॉडेल मांडले. बँका, आरक्षण केंद्रे, रुग्णालये, शासकीय कार्यालये यांच्या नोंदी ठेवणारी आजची बहुसंख्य विदागारे याच प्रतिमानावर आधारलेली आहेत. कोणती माहिती हवी ते वापरणाऱ्याने सांगावे आणि ती कोणत्या मार्गाने शोधायची ते यंत्रणेने ठरवावे, हे त्यांच्या विचाराचे सार होय. हा विचार तर्कशुद्ध असला तरी व्यवहारात अतिशय संथ ठरेल, असा आक्षेप सुरुवातीची अनेक वर्षे घेतला जात होता. त्या आक्षेपाचे निरसन करण्याच्या प्रयत्नांतून पृच्छा, म्हणजे क्वेरी, एकदाच तयार करून वेगवेगळ्या मूल्यांसह पुनःपुन्हा चालविण्याची पद्धत विकसित झाली. ही पद्धत आज प्रिपेअर्ड स्टेटमेंट या नावाने ओळखली जाते. संबंधात्मक प्रतिमानाच्या कार्यासाठी कॉड यांना इ.स. १९८१ चा ट्युरिंग पुरस्कार देण्यात आला.

जन्म आणि शिक्षण

कॉड यांचा जन्म इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील डॉर्सेट परगण्यात, आइल ऑफ पोर्टलंड येथे झाला. सात भावंडांमध्ये ते सर्वांत धाकटे होते. त्यांच्या वडिलांचा चामड्याचा व्यवसाय होता आणि आई शाळेत शिक्षिका होती. पूल ग्रामर स्कूलमधील शिक्षणानंतर ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या एक्झेटर महाविद्यालयात त्यांनी गणित व रसायनशास्त्र या विषयांचा अभ्यास केला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विद्यार्थी म्हणून त्यांना लष्करी सेवेतून सवलत मिळू शकत होती. तरीही ते स्वेच्छेने ब्रिटिश हवाई दलात दाखल झाले. किनारी संरक्षणाचे काम करणाऱ्या कोस्टल कमांडमध्ये त्यांनी सुंदरलंड जातीच्या समुद्री विमानांचे वैमानिक म्हणून काम केले. विमानोड्डाणाची आवड त्यांना पुढेही राहिली. युद्ध संपल्यावर ते ऑक्सफर्डला परतले व त्यांनी पदवी पूर्ण केली.

आयबीएममधील सुरुवातीची वर्षे

इ.स. १९४८ मध्ये कॉड न्यू यॉर्कला गेले. पुढील वर्षी आयबीएम या कंपनीत गणिती आज्ञावलीकार म्हणून त्यांची कारकीर्द सुरू झाली. सिलेक्टिव्ह सीक्वेन्स इलेक्ट्रॉनिक कॅल्क्युलेटर या अवाढव्य गणनयंत्रावर त्यांनी प्रथम काम केले. त्यानंतर आयबीएम ७०१ या संगणकाच्या निर्मितीतही त्यांचा सहभाग होता. त्या काळात अमेरिकेत सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांच्या पुढाकाराने साम्यवादी असल्याच्या संशयावरून अनेकांच्या चौकशा सुरू होत्या. या वातावरणाला कंटाळून कॉड इ.स. १९५३ मध्ये देश सोडून कॅनडातील ओटावा येथे गेले. इ.स. १९५७ मध्ये ते अमेरिकेत व आयबीएममध्ये परतले. त्यानंतर स्ट्रेच या महासंगणकासाठी एकाच वेळी अनेक आज्ञावल्या चालविण्याच्या तंत्रावर त्यांनी काम केले.

चाळिशीच्या उंबरठ्यावर त्यांनी पुन्हा विद्यार्थी होण्याचे ठरविले. ॲन आर्बर येथील मिशिगन विद्यापीठातून इ.स. १९६५ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. स्वतःची प्रतिकृती निर्माण करू शकणाऱ्या पेशी-स्वयंचलकांचा, म्हणजे सेल्युलर ऑटोमाटाचा, त्यांनी प्रबंधासाठी अभ्यास केला. जॉन फॉन नॉयमन यांच्या मूळ रचनेत प्रत्येक पेशीला २९ अवस्था लागत असत. केवळ ८ अवस्थांमध्ये तेच कार्य साधता येते, हे कॉड यांनी दाखवून दिले. गुंतागुंतीच्या यंत्रणेमागील मोजकी व पुरेशी तत्त्वे शोधण्याची त्यांची ही वृत्ती पुढील कार्यातही दिसून येते. डॉक्टरेटनंतर ते कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे आयबीएमच्या संशोधन प्रयोगशाळेत रुजू झाले.

तत्कालीन विदागारांची स्थिती

इ.स. १९६० च्या दशकातील विदागारे मुख्यतः दोन प्रकारची होती. आयबीएमच्या इन्फर्मेशन मॅनेजमेंट सिस्टिममध्ये नोंदींची मांडणी वंशवृक्षासारखी, म्हणजे मूळ नोंदीखाली तिच्या उपनोंदी अशी, असे. चार्ल्स बाकमन यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये विकसित केलेल्या इंटिग्रेटेड डेटा स्टोअरमध्ये नोंदी जाळ्याप्रमाणे एकमेकींना दर्शकांनी जोडलेल्या असत. दोन्ही प्रकारांत आज्ञावलीकाराला नोंदी कोठे व कशा साठविल्या आहेत हे ठाऊक असावे लागे. एका नोंदीवरून दुसरीवर जात इच्छित माहितीपर्यंत पोहोचण्याची वाट त्यालाच लिहून द्यावी लागे.

या पद्धतीचे दोन मोठे तोटे होते. पहिला तोटा रचनेच्या दिशेशी संबंधित होता. पुरवठादाराच्या नोंदीखाली त्याने पुरविलेल्या सुट्या भागांच्या नोंदी ठेवल्या असतील, तर एखादा पुरवठादार कोणकोणते भाग पुरवितो हे चटकन सांगता येई. मात्र एखादा भाग कोणकोणते पुरवठादार देतात, हा उलट प्रश्न अवघड होई. दुसरा तोटा अधिक खर्चीक होता. साठवणुकीची रचना किंवा नोंदींची सूची बदलली, की तिच्यावर विसंबून लिहिलेल्या आज्ञावल्या निकामी होत व त्या नव्याने लिहाव्या लागत.

संबंधात्मक प्रतिमान

कॉड यांनी इ.स. १९६९ मध्ये आपला विचार प्रथम आयबीएमच्या अंतर्गत संशोधन अहवालात मांडला. जून १९७० मध्ये 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या नियतकालिकात त्याचे विस्तृत रूप प्रसिद्ध झाले. 'अ रिलेशनल मॉडेल ऑफ डेटा फॉर लार्ज शेअर्ड डेटा बँक्स' हा तो अकरा पानांचा निबंध होय.

या प्रतिमानात सर्व विदा तक्त्यांच्या रूपात मांडली जाते. गणिताच्या परिभाषेत अशा तक्त्याला रिलेशन, म्हणजे संबंध, असे म्हणतात. तक्त्यांना जोडणारे दुवे असा या शब्दाचा अर्थ अनेकदा समजला जातो. मुळात मात्र तो संचशास्त्रातून आला असून स्वतः तक्त्यालाच उद्देशून वापरला जातो. तक्त्यातील ओळींना ठराविक क्रम नसतो आणि प्रत्येक ओळ तिच्या किल्लीमुळे, म्हणजे प्रत्येक ओळीसाठी वेगळ्या असणाऱ्या मूल्यामुळे, ओळखली जाते. दोन तक्त्यांतील माहिती दर्शकांनी न जोडता समान मूल्यांच्या आधारे जोडली जाते. त्यामुळे वर उल्लेखिलेले दोन्ही उलटसुलट प्रश्न सारख्याच सहजतेने विचारता येतात.

पुढील काही वर्षांत कॉड यांनी या पायावर बरीच उभारणी केली. एकच माहिती अनेक ठिकाणी साठविल्याने होणारी विसंगती टाळण्यासाठी त्यांनी सामान्यीकरणाचे, म्हणजे नॉर्मलायझेशनचे, नियम दिले. निवड, प्रक्षेप, जोड अशा मोजक्या क्रियांचे संबंधात्मक बीजगणित त्यांनी मांडले. अल्फा नावाच्या पृच्छाभाषेचा आराखडाही त्यांनी तयार केला. या सर्वांमागील हेतू एकच होता. विदा प्रत्यक्ष कशी साठविली आहे याच्या बंधनातून आज्ञावलीकाराची व सामान्य वापरकर्त्याची सुटका व्हावी, असे त्यांना वाटत होते.

आक्षेप आणि वाद

इन्फर्मेशन मॅनेजमेंट सिस्टिम हे आयबीएमचे उत्तम चालणारे उत्पादन होते. त्याची जागा घेऊ शकेल अशा कल्पनेविषयी कंपनीत प्रारंभी फारसा उत्साह नव्हता. कॉड यांनी मात्र कंपनीच्या ग्राहकांपुढे आपली कल्पना मांडली आणि ग्राहकांच्या मागणीचा रेटा कंपनीवर येऊ लागला.

तांत्रिक आक्षेपही कमी महत्त्वाचा नव्हता. कुशल आज्ञावलीकार स्वतः वाट आखतो तेव्हा तो कमीत कमी नोंदी वाचून काम भागवितो. हेच काम यंत्रणेवर सोपविल्यास प्रत्येक पृच्छेच्या वेळी तिला अर्थ लावणे, पर्याय तपासणे व मार्ग निवडणे हे सर्व करावे लागेल आणि त्यात वेळ जाईल, असे टीकाकारांचे म्हणणे होते. इ.स. १९७४ मध्ये ॲन आर्बर येथील एका परिषदेत कॉड व बाकमन यांच्यात या विषयावर जाहीर वादविवाद झाला. बाकमन यांना त्यापूर्वीच्याच वर्षी ट्युरिंग पुरस्कार मिळालेला होता. अशा मान्यवरासमोर कॉड यांची बाजू तोपर्यंत केवळ कागदावर होती. प्रतिमान कार्यक्षमतेने चालू शकते, हे प्रत्यक्ष यंत्रणा उभारूनच सिद्ध होणार होते.

सिस्टिम आर आणि पूर्वतयार पृच्छा

याच सुमारास सॅन होजेच्या प्रयोगशाळेत सिस्टिम आर हा प्रकल्प सुरू झाला. त्याच वेळी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत मायकेल स्टोनब्रेकर व यूजीन वाँग यांनी इन्ग्रेस ही यंत्रणा उभारण्यास घेतली. सिस्टिम आरमध्ये कॉड यांची अल्फा ही भाषा वापरली गेली नाही. डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी सीक्वेल ही नवी भाषा तयार केली. पुढे तिचे नाव एसक्यूएल झाले. कॉड यांचा या प्रकल्पाच्या दैनंदिन कामात मोठा वाटा नव्हता. ते या काळात सामान्य माणसाला रोजच्या इंग्रजीत विदागाराशी संवाद साधता यावा यासाठी राँदेव्हू या प्रकल्पात गुंतले होते.

सिस्टिम आरच्या पहिल्या प्रायोगिक रूपात प्रत्येक पृच्छेचा अर्थ ती चालविताना लावला जाई. एकच पृच्छा हजार वेळा आली, तर तिची फोड, तपासणी व मार्गनिवडही हजार वेळा होई. टीकाकारांचा आक्षेप अशा वेळी खरा ठरत होता. रेमंड लोरी यांनी यावर उपाय सुचविला. एसक्यूएलमधील कितीही गुंतागुंतीचे विधान यंत्रभाषेतील सुमारे शंभर लहान तुकड्यांपैकी योग्य ते तुकडे जोडून मांडता येते, असे त्यांनी दाखविले. त्यानुसार आज्ञावली तयार होतानाच तिच्यातील पृच्छा एकदाच भाषांतरित करून त्यांचे यंत्रभाषेतील रूप विदागारात जपून ठेवले जाऊ लागले. पॅट्रिशिया सेलिंजर व त्यांच्या सहकाऱ्यांनी विविध मार्गांच्या खर्चाचा अंदाज बांधून स्वस्त मार्ग निवडण्याची रीत विकसित केली. तिचे वर्णन करणारा निबंध इ.स. १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. दोहोंच्या मिलाफामुळे मार्ग शोधण्याचा खर्च एकदाच करून त्याचा लाभ प्रत्येक वेळी घेता येऊ लागला.

या योजनेत कॉड यांच्या मूळ तत्त्वालाही धक्का लागला नाही. तयार ठेवलेला मार्ग एखाद्या सूचीवर विसंबून असेल व ती सूची काढून टाकली गेली, तर यंत्रणा तो मार्ग बाद ठरवी आणि पुढील वेळी नवा मार्ग आपोआप तयार करी. आज्ञावलीकाराने लिहिलेल्या विधानात एका अक्षराचाही बदल करावा लागत नसे. जुन्या विदागारांत अशा बदलामुळे आज्ञावली मोडत असे, हे लक्षात घेता हा फरक मूलभूत होता. ज्या पृच्छा आज्ञावली लिहिताना ठाऊक नसतात, त्यांच्यासाठी प्रिपेअर व एक्झिक्यूट, म्हणजे तयार करा व चालवा, अशा दोन स्वतंत्र आज्ञांची सोयही सिस्टिम आरमध्ये होती. पुढे इ.स. १९९२ च्या एसक्यूएल प्रमाणकात या आज्ञांचा समावेश झाला.

प्रिपेअर्ड स्टेटमेंटचे कार्य

प्रिपेअर्ड स्टेटमेंटमध्ये पृच्छेचा साचा आणि तिच्यातील मूल्ये वेगळी ठेवली जातात. दिलेल्या क्रमांकाच्या खात्यातील शिल्लक सांगा, ही पृच्छा बँकेत दिवसभरात असंख्य वेळा विचारली जाते. दर वेळी बदलतो तो फक्त खाते क्रमांक. म्हणून क्रमांकाच्या जागी प्रश्नचिन्हासारखी खूण ठेवून हा साचा विदागाराकडे एकदाच पाठविला जातो. विदागार त्याचे व्याकरण तपासते, त्यातील तक्ते व स्तंभ अस्तित्वात आहेत का ते पाहते आणि साचा जपून ठेवते. शोधाचा मार्ग काही यंत्रणा याच वेळी ठरवितात, तर काही प्रथम चालविताना ठरवितात. त्यानंतर प्रत्येक वेळी केवळ खाते क्रमांक पाठविला की काम भागते. पृच्छा छोटी असेल तर तिच्या तयारीला प्रत्यक्ष शोधापेक्षाही अधिक वेळ लागू शकतो. त्यामुळे अशा पृच्छा पुनःपुन्हा येतात तेथे या पद्धतीचा लाभ सर्वाधिक असतो.

साचा व मूल्य यांच्या या विभागणीचा आणखी एक उपयोग पुढे ठळकपणे पुढे आला. इ.स. १९९० च्या दशकाच्या अखेरीस संकेतस्थळांचा प्रसार झाला. वापरकर्त्याने भरलेला मजकूर थेट पृच्छेच्या वाक्यात जोडल्यास त्यातून घातक आज्ञा घुसविता येते, हे त्या सुमारास उघडकीस आले. या हल्ल्याला एसक्यूएल इंजेक्शन असे म्हणतात. प्रिपेअर्ड स्टेटमेंटमध्ये विधानाचा अर्थ आधीच निश्चित झालेला असल्याने नंतर आलेला मजकूर केवळ मूल्य म्हणून वाचला जातो व आज्ञा म्हणून चालविला जात नाही. मात्र साचाच वापरकर्त्याच्या मजकुरातून जोडून बनविला, तर हे संरक्षण उरत नाही.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. पृच्छा एकदाच चालवायची असेल तर तयारीसाठी होणारी वेगळी फेरी वाया जाऊ शकते. मूल्यांचे वाटप फार विषम असल्यास सर्वांसाठी ठरविलेला एकच मार्ग काही मूल्यांसाठी संथ ठरतो. एखाद्या तक्त्यात एका शहराच्या लाखो व दुसऱ्याच्या दहाच नोंदी असतील, तर दोन्ही शोधांना योग्य असा मार्ग एकच असतोच असे नाही. तसेच खुणेच्या जागी केवळ मूल्य देता येते. तक्त्याचे वा स्तंभाचे नाव देता येत नाही. बहुतेक यंत्रणांत तयार विधान त्या त्या जोडणीपुरतेच टिकते.

मान्यता आणि एसक्यूएलविषयी असमाधान

पुढे ओरॅकल या नावाने प्रसिद्ध झालेल्या कंपनीने इ.स. १९७९ मध्ये एसक्यूएलवर आधारित विदागार बाजारात आणले. आयबीएमचे पहिले असे उत्पादन त्यानंतर, इ.स. १९८१ मध्ये, आले. इ.स. १९८३ मध्ये त्या कंपनीने डीबी२ जाहीर केले. कॉड यांना इ.स. १९७६ मध्ये आयबीएम फेलो हा कंपनीतील सर्वोच्च तांत्रिक सन्मान मिळाला होता. इ.स. १९८१ मध्ये ट्युरिंग पुरस्काराने त्यांच्या कार्यावर शिक्कामोर्तब झाले.

आपल्या विचाराच्या या यशाने कॉड पूर्णतः समाधानी नव्हते. एसक्यूएलमधील तक्त्यांत एकच ओळ दोनदा येऊ शकते, ही गोष्ट संचशास्त्राशी विसंगत असल्याचे त्यांचे मत होते. अज्ञात मूल्यांची हाताळणीही त्यांना सदोष वाटे. इ.स. १९८४ मध्ये ते आयबीएममधून निवृत्त झाले. पुढे ख्रिस्तोफर डेट यांच्या साथीने त्यांनी सल्लागार संस्था चालविली. जुन्याच यंत्रणांवर संबंधात्मक असा शिक्का मारून त्या विकल्या जात असल्याचे पाहून त्यांनी इ.स. १९८५ मध्ये 'कॉम्प्युटरवर्ल्ड' या साप्ताहिकात खऱ्या संबंधात्मक विदागाराच्या कसोट्या प्रसिद्ध केल्या. कॉड यांचे बारा नियम म्हणून त्या ओळखल्या जातात. क्रमांक शून्यापासून सुरू होत असल्याने त्यांची प्रत्यक्ष संख्या तेरा भरते. साठवणुकीच्या पद्धतीत बदल केल्यावरही आज्ञावली अबाधित राहिली पाहिजे, हा त्यांपैकी आठवा नियम आहे. इ.स. १९८८ मध्ये 'डेटामेशन' या नियतकालिकातून त्यांनी एसक्यूएलच्या दोषांवर उघड टीका केली. इ.स. १९९० मध्ये त्यांनी आपल्या प्रतिमानाची दुसरी, विस्तारित आवृत्ती ग्रंथरूपाने मांडली. त्यांच्या अनेक सूचना उत्पादकांनी स्वीकारल्या नाहीत.

इ.स. १९९३ मध्ये कॉड यांनी विश्लेषणासाठी वापरल्या जाणाऱ्या विदेविषयी एक लेख लिहिला व त्यातून ओलॅप ही संज्ञा रूढ झाली. हा लेख एका सॉफ्टवेअर कंपनीच्या अर्थसाहाय्याने लिहिला गेल्याचे उघड झाल्यावर त्याच्या निष्पक्षतेविषयी प्रश्न उपस्थित झाले.

निधन व वारसा

१८ एप्रिल, इ.स. २००३ रोजी फ्लोरिडातील विल्यम्स आयलंड येथे राहत्या घरी हृदयविकाराने कॉड यांचे निधन झाले. मृत्युसमयी ते ७९ वर्षांचे होते. त्यानंतरच्या वर्षापासून विदागार क्षेत्रातील नवोन्मेषासाठी दिल्या जाणाऱ्या एसीएम सिगमॉड पुरस्काराला त्यांचे नाव देण्यात आले.

प्रिपेअर्ड स्टेटमेंट हा कॉड यांचा स्वतःचा शोध नव्हे. तो त्यांच्या प्रतिमानाला व्यवहारात उतरविणाऱ्या अभियंत्यांच्या कष्टांचा परिणाम आहे. तथापि, प्रश्न आणि त्याच्या उत्तराचा मार्ग यांची फारकत कॉड यांनी आधी केली नसती, तर मार्ग एकदाच शोधून जपून ठेवण्याचे व गरज पडल्यास गुपचूप बदलण्याचे काम यंत्रणेकडे सोपविता आले नसते. ज्या गुणामुळे त्यांचे प्रतिमान संथ ठरेल असे म्हटले जात होते, त्याच गुणामुळे ते वेगवान करता आले.